देवनागरीला उंची लागते

मुद्रितशोधन हे बाहेरून दिसतं त्याहून जास्त डोळ्यांचं काम आहे. भाषा यावी लागते, नियम पाठ असावे लागतात, पण ते सगळं नंतर. आधी अक्षर दिसावं लागतं. वेलांटी पहिली की दुसरी, रफार नेमका कोणत्या अक्षरावर चढला आहे, डोक्यावर आहे तो अनुस्वार की नुसता ठिपका, हे दिसलं नाही तर साहित्य महामंडळाचे अठराच्या अठरा नियम तोंडपाठ असूनही उपयोग नाही. गेली बरीच वर्षं मी हे काम बेंगळुरूच्या जे. पी. नगरमध्ये राहून करते आहे. अलीकडे त्यातला मोठा भाग मोठ्या पडद्याच्या फोनवर होतो, लाखाच्या घरात किंमत असलेल्या फोनवर. अशा फोनचा विषय निघाला की लोक कॅमेऱ्याबद्दल विचारतात. मला त्याच्या पडद्यावर मराठी कशी दिसते, याबद्दल सांगायचं आहे.

जयप्रकाश नारायणांचं नाव मिळालेला हा भाग शहराच्या दक्षिणेला, एकामागोमाग एक ‘फेज’ जोडत वाढलेला. मराठी इथे सहज कानावर पडत नाही. ती ऐकायची तर मेट्रोने मॅजेस्टिकला उतरून गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जावं लागतं. दारात, भाजीवाल्याकडे, रिक्षात सगळीकडे कन्नड. माझी मराठी रोज पुण्या-मुंबईहून पीडीएफच्या रूपाने घरी येते. एरवी पुस्तकांची पानं येतात. पावसाळा अर्ध्यावर आला की दिवाळी अंकांची रांग लागते. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा आहे, आणि तिचा ताण आजही जुळणीच्या टेबलापासून मुद्रितशोधकापर्यंत सगळ्यांच्या अंगावर येतो. लेख उशिरा येतो, पानं रात्री लागतात आणि सकाळी छपाईला जायची असतात. “ताई, पान पाठवलंय, तेवढं बघून घ्या ना,” असा डीटीपीवाल्या मुलाचा निरोप येतो तेव्हा मी संगणकासमोर असेनच असं नसतं.

मोठा फोन घेतला तो याच कारणाने. सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना व्यायामासाठी नियमित न्यावं लागे. तिथल्या बाकावर बसून राहण्याचा वेळ मोठा होता आणि हंगाम दिवाळी अंकांचा. लॅपटॉप मांडीवर उघडावा अशी ती जागा नव्हती. जुन्या, लहान फोनवर मी पानं उघडून बघत असे, पण त्यावर वाचून “ठीक आहे” असं कळवण्याचं धाडस कधी केलं नाही. पान दिसत होतं, अक्षर दिसत नव्हतं.

नवा फोन हातात आल्यावर मी आधी पट्टी घेऊन त्याचा पडदा मोजला. मुद्रितशोधकाला मोजायची सवय असतेच. समासाचे मिलिमीटर हा आमच्या रोजच्या बोलण्यातला विषय. जाहिरातीत पडद्याचा आकार कर्णात सांगतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. माझा फोन ६.८ इंची. पण मजकुराची ओळ कर्णावरून धावत नाही. तिला मिळते ती रुंदी, आणि ती निघाली सुमारे ७२ मिलिमीटर. उंची मात्र तब्बल १५७ मिलिमीटर.

मग मी जुना हिशेब काढला. २०११ साली सॅमसंगने गॅलक्सी नोट आणला, तेव्हा त्याच्या ५.३ इंची पडद्याकडे लोक अचंब्याने बघत होते. एवढा मोठा फोन कानाला कोण लावणार, अशी चर्चा होती. त्याआधी २००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा ३.५ इंची होता. त्या नोटचा पडदा १६ ला १० या प्रमाणातला, म्हणजे रुंदी साधारण ७१ मिलिमीटर आणि उंची ११४. आजच्या ६.८ इंची फोनशी ताडून बघितलं तर कर्ण दीड इंचाने वाढला, पण रुंदी जवळजवळ तिथेच राहिली. वाढ झाली ती चार सेंटिमीटर उंचीत. कारण उघड आहे: माणसाचा तळहात वाढला नाही. हाताच्या पकडीत मावेल त्याहून रुंद फोन कोणी घेणार नाही, म्हणून पडदा वरच्या दिशेने वाढत गेला.

या एका गोष्टीमुळे माझ्या कामात काय बदललं ते कळायला मला देवनागरीकडे नव्याने बघावं लागलं. रोमन अक्षरं एका ओळीत शेजारी शेजारी उभी राहतात. काही दांडे वर जातात, काही शेपट्या खाली उतरतात, पण बहुतेक माल मधल्या पट्ट्यात असतो. देवनागरीची ओळ तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर अक्षराचा देह, शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण, शिवाय ‘ट्ठ’, ‘द्ध’, ‘ह्र’ यांसारखी खाली उतरत जाणारी जोडाक्षरं. ‘कीर्तीं’सारखा शब्द घ्या. एकाच अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार दाटीवाटीने बसतात. चूक नेमकी तिथे होते. मला सापडणाऱ्या मुद्रणदोषांतले बहुतेक वरच्या आणि खालच्या मजल्यावरचे असतात. आणि ओळींमधलं अंतर कमी पडलं की आधी हेच दोन मजले चेपले जातात.

फोनच्या पडद्यावर हे फार दिसतं. कितीतरी ॲपमधली बटणं आणि चौकटी रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या असतात. मराठी निवडली की वरचा रफार कापला जातो किंवा खालचा उकार अर्धा राहतो. अक्षराचा आकार वाढवून हा प्रश्न सुटत नाही, चौकटही उंच व्हावी लागते. उंच पडद्यावर तेवढी सवड असते. ओळी मोकळ्या ठेवूनही पुरेसा मजकूर डोळ्यासमोर राहतो. म्हणून मोठा पडदा माझ्या लेखी चैन नाही, आपल्या लिपीला लागणारी ती जागा आहे.

आता प्रत्यक्ष काम. डेमी आकाराचं पुस्तकाचं पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. समास सोडले तर मजकुराची ओळ दहा सेंटिमीटरच्या आसपास. फोन उभा धरून समास पडद्याबाहेर ढकलले की ही ओळ ७२ मिलिमीटरमध्ये बसते, म्हणजे मूळच्या सुमारे सत्तर टक्के. बारा पॉइंटचं अक्षर डोळ्याला आठ पॉइंटसारखं दिसतं. अर्थ लागायला ते पुरतं. अक्षर तपासायला पुरत नाही. फोन आडवा धरला की तीच ओळ दीडपट मोठी होते, बारा पॉइंटचं अक्षर अठराचं होतं, आणि पडद्यावर जेमतेम सात-आठ ओळी राहतात.

सुरुवातीला या सात-आठ ओळींची मला अडचण वाटे. पुढे तोच माझा मुख्य आधार झाला. मुद्रितशोधकाचा मोठा शत्रू म्हणजे त्याचं वाचन. चांगला वाचक एकेका अक्षरावर थांबत नाही, शब्द ओळखतो आणि पुढे जातो. ‘परिस्थिती’मधला एखादा ऱ्हस्व-दीर्घ बदलला तरी डोळा तो मनातल्या मनात सुधारून घेतो. जुने लोक म्हणून पट्टी किंवा कोरा कागद ओळीखाली धरून वाचत, आणि दोघे असले तर एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचे. आडव्या फोनवरची सात ओळींची खिडकी हेच काम करते. पुढचा परिच्छेद दिसतच नाही, त्यामुळे डोळा धावत नाही. अक्षर मोठं असतं, त्यामुळे प्रत्येक वेलांटीची कमान स्पष्ट दिसते. आता माझी पद्धत ठरली आहे: पहिलं वाचन फोन आडवा धरून, फक्त अक्षरांसाठी, दुसरं उभा धरून, अर्थासाठी. पहिल्या वाचनात लेखक काय म्हणतो याच्याशी मला देणंघेणं नसतं. दुसऱ्यात वाक्य तुटलं आहे का, कर्ता हरवला आहे का, परिच्छेद नको तिथे फुटला आहे का ते बघते. कागदावर ही दोन वाचनं एकमेकांत मिसळत. फोनने ती वेगळी केली.

पडद्याची रेखीवता इथे महत्त्वाची. महागड्या फोनांत इंचाला साडेचारशे ते पाचशे ठिपके असतात. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत टीपा असतात, त्यांत ‘द्व’ आणि ‘द्ध’, ‘घ’ आणि ‘ध’ असे गोंधळ लपलेले असतात. विरळ पडद्यावर अक्षर मोठं केलं की ते फक्त धूसर होतं. दाट पडद्यावर मोठं केलं की ‘ध’ची गाठ आणि ‘घ’ची सलग शिरोरेषा निरनिराळी दिसतात. चाळिशीचा चष्मा लागल्यावर या फरकाची किंमत कळते.

पण नुसत्या काचेने अक्षर दिसत नाही. त्यामागे अनेकांचं काम आहे. २०१०च्या आसपास कितीतरी फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडे. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात: ‘कि’ लिहिताना आधी ‘क’, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. हा क्रम बदलणं, जोडाक्षर बांधणं, रफार उचलून पुढच्या अक्षरावर ठेवणं हे काम करणारी वेगळी यंत्रणा लागते. अँड्रॉइडमध्ये आणि अनेक ब्राउझरांत ते काम ‘हार्फबझ’ नावाची मुक्त प्रणाली करते. आणि अक्षराचं रूप देतो तो अक्षरकार. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवला. त्याच जोशींच्या हाताखाली विंडोजसाठीचा ‘तुंगा’ हा कन्नड फॉन्टही तयार झाला. बेंगळुरूत राहून मराठीचं काम करणाऱ्या मला ही गोष्ट मोलाची वाटते. माझ्या घरातली लिपी आणि माझ्या रस्त्यावरची लिपी, दोन्हींना संगणकात जागा मिळवून देण्यात एकाच मराठी माणसाचा हात होता. पुढे मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्त’सारखा फॉन्ट सर्वांना खुला केला. आज फोनवर मराठी नीट दिसते ती या लोकांच्या श्रमामुळे.

काही चुका तरीही डोळ्याला दिसतच नाहीत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांनी’ प्रवचन दिलं आणि ‘आचाऱ्यांनी’ जेवण रांधलं. हा फरक मराठीने जपला आहे, आणि एका बारीक अर्धचंद्रासारख्या रेघेवर तो उभा आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एका पुस्तकात दोन्ही तऱ्हा मिसळल्या की शोध अर्धाच सापडतो. नाव बदलायचं ठरलं तर काही जागी बदलतं, काही जागी राहतं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतून रूपांतरित केलेल्या मजकुरात असे प्रकार फार. म्हणून शंका आली की मी तो शब्द उचलून शोधाच्या चौकटीत टाकते आणि पुस्तकभर धाव घेते. फोन उंच असल्याने कळफलक वर आल्यानंतरही पान दिसत राहतं. लहान फोनवर कळफलक उघडला की पानाच्या दोन ओळी उरत.

उंचीचा तसाच दुसरा उपयोग पडदा दुभागण्याचा. वरच्या अर्ध्यात पान, खालच्या अर्ध्यात कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. ऐतिहासिक कादंबरीत लेखकाने वापरलेला एखादा जुना शब्द चूक म्हणून खोडण्याआधी मी तिथे बघते. पूर्वी हे जाड खंड ज्या घरात असतील तिथेच असं काम शक्य होतं. अरुण फडके यांनी आपल्या छोट्या पुस्तिकेचं नाव ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ असं ठेवलं होतं. त्यांच्या मनात असलेली गोष्ट आता अक्षरशः खरी झाली आहे. नियम खिशात आहेत, कोश खिशात आहेत, आणि ज्या पानाला ते लावायचे ते पानही.

माझ्या फोनला लेखणी आहे. तिचा उपयोग चित्र काढणाऱ्यांनाच होत असेल असं मला वाटे. पानावर सरळ खूण करता येते हे कळलं आणि कामाची रीतच बदलली. आधी मी दुरुस्त्या लिहून पाठवायची: पान अमुक, खालून चौथी ओळ, तिसरा शब्द, दुसरी वेलांटी हवी. पलीकडचा मुलगा ओळी मोजत बसे, आणि पान पुन्हा लागलं की मोजलेल्या ओळी सरकलेल्या असत. आता मी काकपद देते, गोल करते, समासात अक्षर लिहिते आणि पान तसंच पाठवते. “ताई, आता विचारायला फोन करावा लागत नाही,” असं तो म्हणाला, तेव्हा या कामातला त्याचा वेळ किती वाचला ते मला समजलं. या प्रकारच्या लेखणीला लिहिण्यासाठी स्वतःची बॅटरी लागत नाही. काचेखालच्या थरातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, लेखणीतलं वेटोळं त्याला प्रतिसाद देतं, आणि टोक नेमकं कुठे आहे व किती दाबलं आहे हे फोनला कळतं. टोक काचेला टेकण्याआधीही त्याची जागा दिसते. वेलांटीच्या टोकाला खूण करायची असते तेव्हा ही अचूकता लागते; बोटाने ते कधीच जमलं नसतं.

त्याच लेखणीने मी कन्नड शिकते. शेजारच्या अज्जींना मुलांना शिकवायची जुनी सवय आहे. संध्याकाळी त्या फोन मांडीवर घेतात, “इल्ली नोडम्मा” म्हणतात आणि अक्षर गिरवून दाखवतात. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लिहितात. त्याला ओत्तक्षर म्हणतात. ‘अज्जी’ लिहायचं तर एका ज खाली दुसरा ज लोंबतो, ‘कन्नड’ लिहायचं तर न खाली न. म्हणजे या लिपीलाही उंची लागते, खालच्या बाजूला तर आपल्याहून जास्त. २०२४ मध्ये कर्नाटकाने दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देणं बंधनकारक केलं, तेव्हापासून आमच्या रस्त्यावर कन्नड अक्षरं ठळक झाली. वाचता न आलेल्या पाटीचा मी फोनने फोटो काढते, घरी मोठा करून ओत्तक्षर ओळखते, आणि मगच भाषांतराची मदत घेते. आधी अक्षर, मग अर्थ हा क्रम माझ्या धंद्यातलाच आहे. अज्जींना कन्नड पानं त्या पडद्यावर चष्म्याशिवाय वाचता येतात, याचा त्यांना झालेला आनंद मी बघितला आहे. मोठ्या पडद्याची गरज तरुणांपेक्षा अशा डोळ्यांना अधिक आहे, आणि असे फोन त्यांच्या खिशाला परवडत नाहीत, ही गोष्ट मला खरोखर खुपते.

फोन घरात आला की तो आपली शिस्तही मागतो. सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासचं वजन करंगळीवर तोलून तासभर वाचलं तर मनगट बोलू लागतं. या आकाराच्या सगळ्याच फोनांचं ते वास्तव आहे. म्हणून टेबलावर स्टँड असतो आणि बाहेर असले तर फोन दोन्ही हातांनी धरते. एका हाताने धरला तर अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. जयप्रकाश नगर स्थानकावरून मॅजेस्टिककडे जाताना बसायला जागा मिळाली तर काम होतं. उभं राहून एका हाताने दांडी धरली असेल तर फोन पिशवीत जातो. तेव्हा खिडकीतून लालबागेची झाडं बघावीत. नॅशनल कॉलेजनंतर गाडी जमिनीखाली जाते.

लक्षाची शिस्त वजनापेक्षा अवघड. ज्या पडद्यावर पान आहे त्याच पडद्यावर नातेवाइकांचे निरोप आणि बातम्याही येतात. पान उघडलं की बाकी सगळे आवाज आणि सूचना बंद, हा माझा नियम आहे. त्याला घरच्यांनी मान दिला. तातडीचं असेल तर फोन करायचा, निरोप पाठवायचा नाही, एवढं ठरलं. ही शिस्त मी काही अंशी दुसऱ्या फेजमधल्या रंगशंकरातून शिकले. मुंबईच्या रंगभूमीवर घडलेल्या अरुंधती नाग यांनी शंकर नाग यांच्या स्मरणार्थ पुढाकार घेऊन उभारलेलं हे नाट्यगृह २००४ साली सुरू झालं. तिथे प्रयोग वेळेवर सुरू होतो, उशिरा आलेल्याला प्रवेश नाही आणि आत फोन बंद. एका गोष्टीला पूर्ण लक्ष द्यायचं असेल तर बाकीची दारं खरोखर बंद करावी लागतात. वाचनालाही हे लागू आहे.

काही कामं मात्र मी फोनवर करत नाही. पुस्तक उघडल्यावर समोरासमोरची दोन पानं एकत्र कशी दिसतात, शीर्षकाच्या वरची मोकळी जागा सगळीकडे सारखी आहे का, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे जुळतात का, परिच्छेदाची एकटी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर गेली आहे का, हे बघायला सबंध पसरलेलं पान लागतं. फोन अक्षर दाखवतो, पुस्तक दाखवत नाही. त्यामुळे शेवटचं वाचन आजही कागदावर. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पानं छापून आणते, लाल पेन घेते आणि जेवणाच्या टेबलावर ती मांडते. प्रकाशक घाईत असले तरी हा टप्पा मी सोडत नाही, आणि नव्याने या कामात येणाऱ्या मुलींनाही तेच सांगते.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे वीज जाते. पूर्वी काम थांबे. आता फोनच्या पडद्यावर पान चालू राहतं, लागलं तर लॅपटॉपला त्याच फोनवरून इंटरनेट मिळतं. दुपारच्या उन्हात गॅलरीत बसूनही अक्षर दिसतं, कारण पडदा तेवढा उजळ होतो. किंमत मोठी आहे हे खरं. पण गूगलने २०२३ पासून आणि सॅमसंगने २०२४ पासून आपल्या वरच्या श्रेणीतल्या नव्या फोनांना सात वर्षं सुधारणा देण्याचं जाहीर केलं आहे. लिपीच्या दृष्टीने याला अर्थ आहे. नवे फॉन्ट, जोडाक्षरांची दुरुस्त मांडणी या गोष्टी अशा सुधारणांतूनच येतात. फोन जितका काळ टिकेल तितका तो कामाचं साधन म्हणून स्वस्त पडतो.

ओळखीचे लोक मला विचारतात, मोठा फोन घेऊ का. मी त्यांना त्यांचं काम विचारते. मराठी वाचायची, लिहायची, तपासायची असेल तर माझा सल्ला ठरलेला आहे. दुकानात गेल्यावर कॅमेरा उघडण्याआधी एखाद्या मराठी पुस्तकाचं पान उघडा. फोन आडवा धरा. ‘दऱ्या’, ‘कीर्तीं’, ‘उद्ध्वस्त’, ‘चिठ्ठ्या’ हे शब्द नीट बघा. वरचा अनुस्वार सुटा दिसतो का, खालचं अक्षर पुढच्या ओळीला टेकतं का, ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत का, हे बघा. मग भाषा मराठी करून फोनची सेटिंगं उघडा आणि एखादी मात्रा कापली गेली आहे का ते तपासा. कापली असेल तर तसं कंपनीला लिहून कळवा. मी कळवते. रोमनच्या मापावर बेतलेल्या चौकटीत आपली लिपी आपण फार काळ दाबून वाचली. पडदा आता उंच झाला आहे. त्या उंचीवर पहिला हक्क वेलांटीचा, रफाराचा आणि उकाराचा आहे, आणि तो मागायचं काम वाचकांचं आहे.